गेमची डिस्क घ्यावी का? गावातल्या घरासाठी खर्चाचा हिशेब

प्लेस्टेशन-५ (पीएस-५) च्या मोठ्या गेमच्या खोक्यावर ४,९९९ रुपये ही छापील किंमत आता नेहमीची झाली आहे. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावातल्या घरातून एवढी रक्कम बाहेर पडते, तेव्हा पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्यायला हव्यात. त्या खोक्यात नेमकं काय आहे? ते किती वर्षं चालेल? आणि मन भरल्यावर ते कुणी विकत घेईल का? पंधरा वर्षांपूर्वी हे विचारायची गरज पडत नव्हती. खोक्यात गेम असायचा, डिस्क टाकली की चालायचा आणि नको झाला की मित्राला विकता यायचा. आता तिन्ही बाबतींत खात्री उरलेली नाही.

पुण्यात शिकणारा किंवा नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येताना सेकंड हँड पीएस-फोर घेऊन आला, की घरात पहिला प्रश्न येतो ‘केवढ्याला पडला?’ खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो. डिस्क, नेट, वीज, दुरुस्ती आणि जपणूक या सगळ्यांचे पैसे लागतात. कन्सोल घेऊ पाहणाऱ्यांसाठी, जुन्या सीडी-कॅसेट जमवणाऱ्यांसाठी आणि मुलांच्या हट्टापुढे विचारात पडलेल्या आईवडिलांसाठी हा हिशेब इथे मांडला आहे.

डिस्कचं पुढे काय होणार?

कंपन्यांचा कल स्पष्ट दिसतो. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० मध्ये आला, तो डिस्क टाकायची सोय न ठेवताच. सोनीचा पीएस-५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात आला. त्यातही डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. निन्टेंडोचा स्विच-२ जून २०२५ मध्ये आला आणि त्याच्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ आलं. हे कार्ड दिसायला गेमसारखंच असतं, पण त्यात गेम नसतो. असते ती फक्त गेम डाउनलोड करण्याची किल्ली.

डिजिटल गेम घेतला म्हणजे तो कायमचा आपला झाला, असंही नाही. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी-यू या कन्सोलची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली गेली, पण नवी खरेदी थांबली. सोनीने २०२१ मध्ये पीएस-थ्रीचं दुकान बंद करण्याची घोषणा केली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर ती मागे घेतली. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० च्या आधी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम अधिकृत बाजारात मिळत नसल्याचं दिसलं.

डिस्क हातात असूनही गेम गेला, असंही घडलं आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नव्हता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि जगभरातल्या घरांत पडलेल्या त्याच्या डिस्क निकामी झाल्या. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या निवेदनावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या.

डिस्क उद्याच बंद होणार, असा याचा अर्थ काढू नका. भारतात पीएस-५ ची डिस्कवाली आवृत्ती विकली गेली आणि डिस्कवर नवे गेमही आले. मात्र यापुढे ‘डिस्क आहे ना, मग काळजी नाही’ एवढ्या भरवशावर पैसे टाकता येणार नाहीत. प्रत्येक खोकं वेगळं तपासावं लागेल.

खोक्यात काय असतं?

बाजारातली खोकी चार प्रकारची आहेत. किंमत जवळपास सारखी असली तरी त्यांचं मोल सारखं नाही.

पहिला प्रकार पूर्ण गेमचा. डिस्क टाका, कन्सोल ती स्वतःच्या मेमरीत उतरवून घेईल आणि नेट नसतानाही गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत चालेल. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८), ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०), ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ (२०२४) या डिस्क अशा आहेत. गावातल्या ग्राहकाने पैसे घालावेत ते इथे.

दुसरा प्रकार नावापुरत्या डिस्कचा. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू’ (२०२२) च्या पीएस-५ डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी मजकूर होता. ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) च्या डिस्कवर शंभर एमबीसुद्धा नव्हते. बाकीचा सगळा गेम नेटवरून उतरवावा लागतो. अशी डिस्क विकता येते, उसनी देता येते, पण कंपनीचा सर्व्हर बंद झाला की तिचा उपयोग संपतो.

तिसरा प्रकार फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमचा. त्याचं उदाहरण ‘द क्रू’. अशा गेमचं आयुष्य कंपनी ठरवते.

चौथा प्रकार कॉम्प्युटरच्या गेमचा आणि इथेच लोक सगळ्यांत जास्त फसतात. ‘जीटीए-फाइव्ह’ कॉम्प्युटरसाठी सात डीव्हीडींवर आला होता. पण त्याच्या आधीपासूनच कॉम्प्युटरच्या बहुतेक खोक्यांत एकदाच वापरता येणारा कोड असतो. तो एका खात्यावर टाकला की संपला. त्यामुळे कोड लागणारा कॉम्प्युटर गेम सेकंड हँड विकत घेऊ नका. सात डीव्हीडींचा चकचकीत संच शंभर रुपयांत मिळाला तरी तो फक्त शोभेचा आहे.

मग ओळखायचं कसं? खोक्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ किंवा ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्या शेजारी किती जीबी ते छापलेलं असतं. ‘डझ इट प्ले’ नावाचा स्वयंसेवकांचा गट एकेक डिस्क नेटशिवाय चालवून पाहतो आणि निकाल सगळ्यांसाठी मांडतो. मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं तर पाच हजार रुपये वाचू शकतात.

गावातलं नेट: न दिसणारा खर्च

आजकालचा मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ पीएस-फोरवर दोन डिस्कवर द्यावा लागला, तो याच कारणाने. आता लिंबागणेशच्या घरात बसून हिशेब करू. रोज दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, बाकी काहीही न बघता शंभर जीबी उतरवायला पन्नास दिवस लागतील. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे जवळजवळ दोन रिचार्ज एका गेममध्ये संपतील. घरी तीस एमबीपीएसचं एअर फायबर किंवा फायबर असेल आणि वेग पूर्ण मिळाला, तर हेच काम साडेसात तासांत होतं. वेग निम्मा मिळाला तर पंधरा तास. मध्ये वीज गेली तर उतरवलेलं वाया जात नाही, पण वेळ वाढतो.

म्हणून घरात फक्त मोबाइलचं नेट असेल, तर पूर्ण गेम असलेली डिस्क हाच व्यवहार्य मार्ग आहे. शंभर जीबीचा माल तिच्यावर आयता येतो. फायबर असेल तर डिजिटलचा विचार करता येईल. पैसे देण्याआधी आपल्या नेटचा महिन्याचा जीबी कोटा पाहून घ्या.

कशाला किती पैसे?

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. पुण्या-मुंबईकडे आणि ऑनलाइन सेकंड हँड बाजारात साधारण या टप्प्यात व्यवहार होतात. मॉडेल, अवस्था, बिल आणि वॉरंटी यांवर भाव खाली-वर होतो. घासाघीस कुठून सुरू करायची, यासाठी ते धरा.

• कॅसेटवाला टीव्ही गेम, नवा: ८०० ते २,००० रुपये
• पीएस-टू, सेकंड हँड: ३,००० ते ७,००० रुपये. त्याची डिस्क २०० ते ८०० रुपये
• पीएस-थ्री, सेकंड हँड: ७,००० ते १२,००० रुपये. त्याची डिस्क ३०० ते १,००० रुपये
• पीएस-फोर, सेकंड हँड: १३,००० ते २०,००० रुपये. त्याची डिस्क ७०० ते १,८०० रुपये
• पीएस-५ स्लिम, डिस्कवाला, नवा: एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा ५४,९९० रुपये. बिनडिस्कवाला ४४,९९० रुपये
• पीएस-५ ची नवी डिस्क: मोठ्या गेमची ४,९९९ रुपये. सेकंड हँड १,५०० ते ३,००० रुपये

या आकड्यांवरून तीन अंदाजपत्रकं करून पाहू.

सात हजारांच्या आत: पीएस-टू ४,५०० रुपये, चार डिस्क १,६०० रुपये, मेमरी कार्ड ४०० रुपये, नव्या टीव्हीला जोडायचा कन्व्हर्टर ४०० रुपये. एकूण ६,९०० रुपये. नेट अजिबात लागत नाही. मेमरी कार्ड मात्र विसरू नका, त्याच्याशिवाय खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करता येत नाही.

पंचवीस हजारांच्या आत: पीएस-फोर १६,००० रुपये, पाच डिस्क ५,००० रुपये, छोटा यूपीएस ३,००० रुपये, साफसफाई आणि डबे ८०० रुपये. एकूण २४,८०० रुपये. गावातल्या बहुतेक घरांना मी हाच पर्याय सुचवेन. पूर्ण डिस्कचे चांगले गेम याच्यावर भरपूर आहेत आणि उद्या पीएस-५ घेतला तरी डिस्कवाल्या पीएस-५ वर पीएस-फोरच्या डिस्क चालतात. पीएस-थ्री, पीएस-टू यांच्या डिस्क त्यावर चालत नाहीत.

पाऊण लाखाच्या आत (२०२४ च्या भावाने): पीएस-५ डिस्कवाला ५४,९९० रुपये, दोन नव्या डिस्क ९,९९८ रुपये, दोन जुन्या डिस्क ४,००० रुपये, मोठा यूपीएस ५,००० रुपये. एकूण ७३,९८८ रुपये.

विजेचा खर्च लोक उगाच मोठा समजतात. पीएस-५ खेळताना साधारण २०० वॅट ओढतो, टीव्ही ८० वॅट धरा. रोज दोन तास खेळलं तर महिन्याला सतरा युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर सुमारे १३५ रुपये. पीएस-टू आणि पीएस-फोरला याहून कमी लागतात. वीज वापरल्याने होणाऱ्या खर्चापेक्षा ती अचानक गेल्याने होणारं नुकसान मोठं असतं. गेम मेमरीत लिहिला जात असताना दिवे गेले की हार्ड डिस्क बिघडू शकते. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात यूपीएसचे तीन हजार आधी काढून ठेवा, डिस्कचे नंतर.

डिस्क स्वस्त की डिजिटल?

भारतात पीएस-५ आला तेव्हा डिस्कवाली आणि बिनडिस्कवाली आवृत्ती यांच्यात दहा हजारांचा फरक होता. स्लिम आला तेव्हाही तेवढाच राहिला. हे दहा हजार वसूल कसे होतात? नव्या किमतीऐवजी जुनी डिस्क घेऊन किंवा खेळून झाल्यावर विकून दर गेममागे दीड हजार वाचले, तर सात गेमनंतर ड्राइव्हचे पैसे निघाले. वर्षाला एकच गेम खेळणाऱ्या घरात त्याला सात वर्षं लागतील. वर्षाला चार-पाच गेम होत असतील तर दोन वर्षांच्या आत.

नव्या डिस्कचा खरा खर्च असा काढायचा: ४,९९९ रुपयांना घेतली, दोन महिन्यांत खेळून २,५०० रुपयांना विकली, म्हणजे गेम २,४९९ रुपयांना पडला. डिजिटल गेम विकता येत नाही, पण तो सेलमध्ये निम्म्या किमतीत आणि जुना झाल्यावर त्याहून स्वस्त मिळतो. त्यामुळे नुसत्या पैशाच्या हिशेबात सेलची वाट पाहणाऱ्याला डिजिटल अनेकदा स्वस्त पडतं, हे मान्य करायला हवं. डिस्कचा फायदा होतो तो विकण्यात, उसनी देण्या-घेण्यात आणि नेट न लागण्यात.

चार मित्रांनी मिळून डिस्क घेणं हा गावातला उत्तम उपाय आहे. प्रत्येकाने वर्षाला वेगवेगळ्या दोन डिस्क घेतल्या तर आठ गेम चौघांना खेळायला मिळतात. सेकंड हँड हजार रुपयांची डिस्क धरली तर माणशी दोन हजारांत आठ गेम, म्हणजे एक गेम अडीचशे रुपयांना. घरगुती देवाणघेवाण आणि धंदा यांत मात्र फरक ठेवा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार अशी प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क गेमच्या मालकाकडे असतो.

महिन्याच्या वर्गणीत शेकडो गेम देणाऱ्या योजना जाहिरातीत स्वस्त वाटतात. त्यातले गेम उतरवून घ्यावे लागतात आणि वर्गणी थांबली की खेळणंही थांबतं. फायबर असलेल्या घरात एखादा महिना घेऊन बघायला हरकत नाही. संग्रह म्हणून तिचा हिशेब धरू नका.

जुनी डिस्क घेताना

डिस्क हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरा. मधल्या भोकापासून बाहेर जाणाऱ्या सरळ रेघा बऱ्याचदा चालून जातात. गोल फिरणारी रेघ वाईट, कारण वाचणाऱ्या लेन्सचा मार्ग तोच असतो. मग डिस्क उलटून छापील बाजू बघा. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. तिथला टवका गेला की माहितीही गेली. डीव्हीडीत हा थर दोन पापुद्र्यांच्या मध्ये असल्यामुळे खालचे ओरखडे मशिनवर घासून काढता येतात. पीएस-थ्री, फोर, फाइव्हच्या ब्लू-रे डिस्कमध्ये थर खालच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढा जवळ असतो. त्यावर कडक लेप असल्याने ओरखडे सहसा पडत नाहीत, पण खोल पडला तर घासून दुरुस्त होत नाही. ‘पॉलिश करून देतो’ असं कुणी ब्लू-रेबद्दल म्हणालं तर ती डिस्क घेऊ नका.

नकली ओळखायलाही उजेडच उपयोगी पडतो. पीएस-वनच्या अस्सल डिस्कची खालची बाजू काळी, पीएस-टूच्या सीडीची निळी आणि डीव्हीडीची चंदेरी असते. घरी कॉपी केलेल्या डीव्हीडीला जांभळट झाक असते. अस्सल डिस्कच्या आतल्या कड्यावर कारखान्यातला बारीक क्रमांक उमटवलेला असतो. पीएस-टूच्या काळात आपल्याकडे चिप मारलेल्या मशिनवर पन्नास-शंभर रुपयांच्या नकली सीडी सर्रास चालल्या. संग्रहाच्या बाजारात त्यांना किंमत नाही.

पीएस-टूच्या डिस्क प्रदेशानुसार बांधलेल्या आहेत. भारतात अधिकृतपणे विकलेली डिस्क अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेल्या मशिनवर चालत नाही. पीएस-फोर, पीएस-५ च्या डिस्क कुठल्याही देशातल्या मशिनवर चालतात. पण गेमला जोडून पुढे विकत मिळणारे भाग डिस्कच्या प्रदेशाच्याच खात्यावर लागतात.

मशीन घेताना समोर चालू करून घ्या. डिस्क टाकून, काढून, पुन्हा टाकून पाहा. वीस मिनिटं खेळा आणि पंख्याचा आवाज ऐका. दोन्ही रिमोटच्या काड्या सोडल्यावर मधोमध थांबतात का ते बघा. विकणाऱ्याने स्वतःचं खातं मशिनवरून काढलं आहे ना, हे त्याच्यासमोर तपासा. ‘जेलब्रेक केलेला आहे, सगळे गेम फुकट’ असं सांगून जास्त पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करून निघा. फुकटचे गेम चोरीचे असतात आणि असं मशीन नेटला जोडलं तर कंपनी त्यावर कायमची बंदी घालू शकते.

पीएस-५ स्लिमला वेगळा डिस्क ड्राइव्ह लावायचा असेल, तर पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच. मशीन त्याची नोंद कंपनीकडे करतं. दुकानातून निघण्यापूर्वीच ही नोंद करून घ्या.

जपणूक: हजार रुपयांत

बीड जिल्ह्यातला उन्हाळा आणि धूळ हे डिस्कचे आणि मशिनचे मोठे शत्रू. पत्र्याखालच्या माळ्यावर डिस्क ठेवू नका, उष्णतेने त्या वाकतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. पावसाळ्यासाठी त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. डिस्क उभ्या ठेवा आणि पुसताना मऊ कापड मधून बाहेर सरळ न्या, गोल फिरवू नका.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांची आहे. ती सोडायला हवी. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि हळूहळू गंज चढतो. कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, पट्ट्या पुसा, पाच मिनिटं सुकू द्या. एक बाटली कित्येक वर्षं पुरते.

पीएस-फोरच्या आत घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो. तो संपला आणि मशिनला नेट मिळालं नाही, तर गेम सुरूच होत नाहीत, अशी उणीव होती. सोनीने सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ९.०० या अपडेटमध्ये ती दूर केली. जुना पीएस-फोर घेतल्यावर एकदा तरी नेटला जोडून अपडेट करून घ्या. सेल पन्नास रुपयांचा आहे, पण तो बदलायला मशीन उघडावं लागतं.

बॅकअप काढायचा का? कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर मालकाला प्रत खराब होण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप घेऊ देतं. पण त्यासाठी गेमचं डिजिटल कुलूप तोडावं लागलं, तर २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-क आडवं येऊ शकतं. म्हणून मूळ डिस्क जपणं हाच सरळ मार्ग.

काय जमवावं?

जुने गेम पैशासाठी जमवू नका. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत सीलबंद ‘सुपर मारियो ६४’ लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला, ही बातमी खरी आहे. त्या एका खोक्याच्या बळावर आपल्या घरातल्या वापरलेल्या डिस्कला भाव येत नाही. ‘फिफा’चंच बघा. जुने फिफा गेम ईए कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये डिजिटल दुकानांतून काढले, म्हणजे ते आता डिस्कवरच मिळतात. तरीही त्या डिस्क मातीमोल विकल्या जातात, कारण त्या ढिगाने छापल्या गेल्या होत्या.

आपल्या आठवणींचा आणि आपल्या मातीचा ठेवा म्हणून जमवण्यासारखं मात्र बरंच आहे. ईएचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये कॉम्प्युटर आणि पीएस-टूवर आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी सायबर कॅफेंत आणि कॉलेजच्या खोल्यांत तो खेळला गेला. त्यानंतर ईएने क्रिकेटचा असा गेम पुन्हा काढला नाही आणि तो डिजिटल दुकानांत विकायलाही ठेवलेला नाही. अस्सल प्रत हवी तर जुनी डिस्कच शोधावी लागते. पीएस-टूची डिस्क मिळाली तर ती घ्या, कारण त्या काळातल्या कॉम्प्युटरच्या बऱ्याच डिस्कवर ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप होतं आणि विंडोज-१० पासून ते चालत नाही.

‘जीटीए व्हाइस सिटी’ (२००२) ची जुनी डिस्कही जपण्यासारखी आहे. नंतरच्या डिजिटल आवृत्तीतून रेडिओवरची काही गाणी हक्क संपल्यामुळे काढली गेली. जुन्या डिस्कवर ती आहेत.

सर्वांत आधी वाचवायला हवेत ते भारतात बनलेले गेम. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने पीएस-टूसाठी केला. त्याच वर्षी कबड्डी, विटीदांडूसारख्या खेळांचा ‘देसी अड्डा’ आला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणि २०११ मध्ये ‘रा.वन’ काढला. ‘डॉन टू’ २०१३ मध्ये आला, ज्या वर्षी पीएस-टूचं उत्पादन जगभर थांबल्याची घोषणा झाली. हे गेम फार गाजले नाहीत, पण आपल्या माणसांनी कन्सोलसाठी केलेल्या पहिल्या प्रयत्नांची साक्ष म्हणून या डिस्कच उरल्या आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला तेव्हा थेट डिजिटल रूपात आला. त्यामुळे जुन्या पिढीच्या डिस्क आणखी मोलाच्या ठरतात.

फसवणूक झाली तर

नव्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असायलाच हवा. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. कुरिअरने डिस्क मागवताना आधी आपल्या पिन कोडवर माल पोहोचतो का ते बघा आणि पाकीट फोडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढा. खराब माल परत करताना तोच पुरावा ठरतो.

दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्याने काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी लिंबागणेशच्या ग्राहकाला बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. यासाठी बिल लागतं. एखाद्या खासगी माणसाकडून रोखीने, बिनबिलाचं मशीन घेतलं तर हा आधार सहसा मिळत नाही. म्हणून सेकंड हँड मालासाठीही बिल आणि निदान महिनाभराची वॉरंटी देणाऱ्या दुकानाला हजार रुपये जास्त देणं परवडतं.

शेवटी काय करावं?

घरात फक्त मोबाइलचं नेट असेल तर सेकंड हँड पीएस-फोर, यूपीएस आणि नेटशिवाय पूर्ण चालणाऱ्या पाच डिस्क घ्या. पंचवीस हजारांत काम होतं आणि पुढची कित्येक वर्षं कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहावं लागत नाही. फायबर असेल, वर्षाला एखाद-दुसराच गेम होत असेल आणि विकण्या-जपण्याची हौस नसेल, तर बिनडिस्कवाला कन्सोल घेऊन किमतीतला फरक वाचवा. किल्ली किंवा कोड असलेल्या खोक्याला पूर्ण डिस्कची किंमत देऊ नका.

एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पीएस-टूच्या डिस्कचा डबा खाली आला, तर तो भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जाण्याआधी उघडून बघा. त्यात ‘स्ट्रीट क्रिकेट’, ‘हनुमान’, ‘देसी अड्डा’ यांपैकी काही निघालं तर ते विकू नका, नीट पुसून ठेवा. भंगारात त्याचे दहा रुपयेही येणार नाहीत आणि नवी प्रत आता कुणी छापणार नाही.